टॉमी मॅकूक नेमका किती बँडमध्ये होता?

गाण्यांच्या कुठल्याही अ‍ॅपवर टॉमी मॅकूक या जमैकन सॅक्सोफोनवादकाचं नाव टाकून बघा. आधी स्काटलाइट्स हा बँड समोर येतो, शिक्का 'स्का'. थोडं खाली गेलं की सुपरसॉनिक्स, शिक्का 'रॉकस्टेडी'. आणखी खाली अ‍ॅग्रोव्हेटर्स आणि रेव्होल्यूशनरीज, तिथे 'रेगे' नाहीतर 'डब'. मध्येच 1962 सालचं जाझचं ध्वनिमुद्रण निघतं.

माझी भाची सॅक्सोफोन शिकते. 'एक शैली धर आणि ती पक्की कर' हे वाक्य तिच्या कानावर रोज पडतं. तिने ही यादी पाहिली आणि मला फोन केला, "मामा, हा माणूस कुठेच टिकत नव्हता का रे?" फोनवर सांगितलं ते अर्धवटच राहिलं. प्रश्न मात्र रास्त आहे. जमैकाच्या संगीतात पहिल्यांदा शिरणाऱ्या बहुतेकांना तो पडतो. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

वाद्यापासून सुरुवात करू

सॅक्सोफोन दिसतो पितळेचा, पण त्याचा आवाज जन्मतो तोंडाशी बांधलेल्या वेताच्या पातळ पट्टीत. तिला रीड म्हणतात. आपल्या सनईतही पत्ती थरथरते आणि सूर उमटतो, तत्त्व तेच. बेल्जियमच्या अडॉल्फ सॅक्सने 1846 मध्ये पॅरिसला या वाद्याचं पेटंट घेतलं. लष्करी बँडसाठी त्याला असं वाद्य हवं होतं, जे मैदानभर ऐकू जाईल आणि तरी गळ्यासारखं वळेल. जमैका तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होतं आणि ब्रिटिश जिथे गेले तिथे त्यांचे लष्करी बँडही गेले.

मॅकूक वाजवायचा तो टेनर सॅक्सोफोन. अल्टोपेक्षा मोठा, मानेला बाक असलेला, आवाज पुरुषाच्या गळ्याजवळ जाणारा. माइक नसला तरी नाचाचा हॉल भरून टाकेल असा. संचलन, हॉटेलातला नाच, क्लब, स्टुडिओ, सगळीकडे चालेल असं हे वाद्य आहे. मॅकूकच्या सगळ्या प्रवासाच्या मुळाशी ही साधी गोष्ट आहे.

नन्सनी चालवलेली शाळा आणि तिचा बँड

टॉमीचा जन्म 3 मार्च 1927 चा, हवानाचा. त्या काळी बरीच जमैकन माणसं कामधंद्यासाठी क्युबात जात. 1933 मध्ये तो जमैकाला आला आणि अकराव्या वर्षी किंग्स्टनमधल्या अल्फा बॉइज स्कूलमध्ये त्याच्या हातात टेनर पडला.

या शाळेबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. साउथ कॅम्प रोडवरची ही संस्था 1880 मध्ये सुरू झाली आणि पुढे सिस्टर्स ऑफ मर्सी या पंथाच्या नन्सनी ती चालवली. अनाथ मुलं, घरी खायला नाही म्हणून आणून सोडलेली मुलं, कोर्टाने पाठवलेली मुलं, सगळी तिथे असत. शिवणकाम, छपाई, बागकाम असे हाताला काम देणारे धंदे शिकवले जात. बँड हाही त्यातलाच एक धंदा होता. मोठेपणी लष्करी बँडमध्ये किंवा हॉटेलात नोकरी मिळावी हा त्यामागचा सरळ हिशोब. त्यामुळे शिक्षण कडक. नोटेशन वाचता आलंच पाहिजे, सूर नेमका लागला पाहिजे, दहा जणांबरोबर श्वास जुळला पाहिजे.

सिस्टर मेरी इग्नेशस यांनी 1939 पासून 2003 मध्ये त्या वारल्या तोवर तिथे काम केलं. त्यांच्याकडे तबकड्यांचा मोठा साठा होता आणि त्या मुलांना तो ऐकवत. गरीब घरातल्या मुलाला नोटेशन शिकवणारे भेटतील एक वेळ, पण जगभरचं संगीत बसवून ऐकवणारं माणूस क्वचित भेटतं. त्या ऐकवण्याला शिकवण्याइतकंच श्रेय द्यायला हवं असं मला वाटतं.

गोव्याच्या वाचकांना यात ओळखीचं काही दिसेल. तिथेही चर्चच्या शाळांत पोरं स्वरलेखन शिकली, मुंबईच्या हॉटेलांतल्या डान्स बँडमध्ये आली आणि मग सिनेमाच्या स्टुडिओत बसली. सेबॅस्टियन डिसूझांसारखे अरेंजर याच वाटेने घडले. अल्फातून निघालेला जो हॅरिअट हा आणखी एक सॅक्सोफोनवादक लंडनला गेला आणि साठच्या दशकात कोलकात्याच्या जॉन मेयर यांच्याबरोबर त्याने सतार, तबला आणि जाझ एकत्र आणलं. एका अनाथाश्रमवजा शाळेची पोच कुठवर होती, ते यावरून कळावं.

स्का म्हणजे नक्की काय?

हे वाचून समजत नाही, करून बघावं लागतं. खुर्चीत बसा आणि पायाने सावकाश ठेका धरा. तोंडाने मोजा: एक नि दोन नि तीन नि चार नि. पाय जमिनीवर पडतो तो आकड्यावर. आता टाळी वाजवा, पण आकड्यावर वाजवायची नाही. 'नि'वर वाजवायची, पाय हवेत असताना. पहिल्या काही खेपांना हात हटकून आकड्यावरच पडतो. मग एकदा जमतं, आणि जमलं की खांदे आपसूक हलायला लागतात.

ती टाळी म्हणजे स्कामधली गिटार आणि पियानो. दोघं मिळून प्रत्येक 'नि'वर तुटक ठोका देतात. ड्रमचा जोर दोनवर आणि चारवर पडतो. डबल बास हे उंच, उभं तंतुवाद्य एकेका मात्रेवर पाऊल टाकत चालत राहतं. आणि या सगळ्याच्या वर सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन मिळून एक छोटी, तोंडात बसेल अशी ओळ वाजवतात. ती ओळ झाली की एकेक वादक पुढे येऊन स्वतःचं काही वाजवतो, मग सगळे मिळून पुन्हा पहिली ओळ, आणि तबकडी संपली. तीन मिनिटांचा मामला.

हा ठेका आला कुठून? अमेरिकेच्या दक्षिणेकडची रेडिओ केंद्रं किंग्स्टनला ऐकू यायची आणि त्यांवरच्या रिदम अँड ब्लूजवर लोक फिदा होते. ज्यांना हॉटेलातले नाच परवडत नसत त्यांच्यासाठी 'साउंड सिस्टीम' असायच्या. गाडीभर स्पीकर, एक अँप्लिफायर, तबकड्या, आणि रस्त्यावर किंवा मोकळ्या अंगणात नाच. आपल्याकडे मिरवणुकीत डीजेच्या भिंती उभ्या राहतात आणि कोणाचा दणका मोठा यावरून दोन मंडळांत चुरस लागते, तसंच तिथेही होतं. क्लेमंट 'कॉक्सन' डॉड आणि ड्यूक रीड हे दोन मोठे साउंडवाले.

पन्नासचं दशक संपता संपता अमेरिकेत रॉक अँड रोलचा जोर झाला आणि किंग्स्टनच्या नाचणाऱ्यांना हवा होता तसा माल तिकडून येईनासा झाला. मग साउंडवाल्यांनी ठरवलं की आपल्याच वादकांकडून तबकड्या करून घ्यायच्या. हॉटेलांत जाझ वाजवणारे, अल्फात शिकलेले वादक स्टुडिओत आले. त्यांनी अमेरिकन ठेका उचलला, 'नि'वरचा जोर वाढवला, आपल्या मेंटो या लोकसंगीतातल्या बँजोचा तुटकपणा त्यात आला, आणि बनला तो स्का.

जाझवाला स्कात कसा आला?

मॅकूक 1943 मध्ये एरिक डीन्सच्या ऑर्केस्ट्रात शिरला. वय सोळा. नाचाच्या बँडमध्ये दहाएक वर्षं काढून 1954 मध्ये तो बहामातल्या नॅसॉला गेला आणि तिथून मायामीला. तिथे त्याच्या कानावर जॉन कोल्ट्रेन हा अमेरिकन जाझ सॅक्सोफोनवादक पडला आणि जाझचं वेड पक्कं झालं. 1962 मध्ये तो परतला, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी. 6 ऑगस्टला जमैकाचा झेंडा चढला. गावात स्काची धूम होती आणि निर्माते त्याच्या मागे लागले होते, पण पहिलं ध्वनिमुद्रण त्याने केलं ते जाझचंच, डॉडसाठी.

स्का त्याने वाजवला तो 1963 मध्ये, आणि तोही एका सिनेमाची धून घेऊन: अर्नेस्ट गोल्डने 'एक्झोडस'साठी बांधलेली. इथे त्याचा स्वभाव दिसतो. धून गंभीर, लांब श्वासाची. खाली ठेका उड्या मारतोय आणि वर टेनर मात्र घाई न करता चाललाय.

पुढच्या वर्षी हीच मंडळी एकत्र येऊन स्काटलाइट्स झाली. अवकाशात उपग्रह सोडले जात होते तो काळ, तेव्हा उपग्रहाला इंग्रजीत असलेल्या 'सॅटेलाइट' या शब्दात 'स्का' घुसवून हे नाव झालं. ती कोटी मॅकूकचीच असं सांगतात. तो, ट्रॉम्बोनवर डॉन ड्रमंड, ट्रम्पेटवर जॉनी मूर, अल्टोवर लेस्टर स्टर्लिंग, हे चौघं अल्फाचे. दुसरा टेनर रोलंड अल्फॉन्सो, तोही हवानात जन्मलेला. बॉब मार्लीच्या वेलर्सचं पहिलं गाजलेलं गाणं निघालं तेव्हा साथीला याच गोतावळ्यातले वादक होते.

हा बँड टिकला जेमतेम चौदा महिने. जून 1964 ते ऑगस्ट 1965. 1965 च्या जानेवारीत ड्रमंडला त्याच्या मैत्रिणीच्या, मार्गारिटा नावाने नाचणाऱ्या अनिता मॅहफूडच्या खुनासाठी अटक झाली. त्याला मनोरुग्णालयात ठेवलं गेलं आणि 1969 मध्ये तो तिथेच वारला. बँड त्यातून सावरला नाही.

'बँड' या शब्दाचा घोळ

आता भाचीच्या प्रश्नाच्या मुळाशी येऊ. बँड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चार मित्र येतात, एकत्र राहणारे, एकत्र भांडणारे, पंचवीस वर्षं त्याच नावाने वाजवणारे. किंग्स्टनमध्ये बँड म्हणजे बहुतेक वेळा स्टुडिओच्या पगारपत्रकावरची मंडळी. स्टुडिओ बदलला की नाव बदललं. डॉडकडे वाजवलं तर एक नाव, ड्यूक रीडकडे वाजवलं तर दुसरं, बनी ली या निर्मात्यासाठी वाजवलं तर अ‍ॅग्रोव्हेटर्स, चॅनल वन स्टुडिओत वाजवलं तर रेव्होल्यूशनरीज. माणसं पुष्कळदा तीच.

मुंबईत हे आपण अनुभवलेलं आहे. मनोहारी सिंग सकाळी एका संगीतकाराकडे सॅक्सोफोन वाजवत आणि दुपारी दुसऱ्याकडे. तबकडीवर नाव संगीतकाराचं. मनोहारीदा कुठे टिकत नव्हते असं कोणी म्हटलं नाही. ते जागच्या जागीच होते, त्यांच्याभोवतीचे फलक बदलत होते. मॅकूकचंही तसंच. फरक एवढाच की जमैकात स्टुडिओच्या त्या वादकसंचालाच नाव देऊन तबकडी विकायची पद्धत होती, म्हणून आज यादी एवढी लांब दिसते.

शैलींच्या नावांचंही थोडंफार असंच आहे. एका वर्षी लोक कुठल्या लयीत नाचतायत त्यावरून ती पडली. 1962 ला स्का, 1966 ला रॉकस्टेडी, 1968 पासून रेगे. या सीमारेषा दुकानात लागतात, वाजवणाऱ्याला तितक्या लागत नाहीत.

मग लय का उतरली?

रॉकस्टेडी म्हणजे उतरलेल्या लयीचा स्का असं सरसकट म्हणतात. 1966 चा उन्हाळा फार कडक होता, नाचणारे दमायचे, म्हणून लय उतरली, अशी एक आवडती गोष्टही सांगतात. मला त्यापेक्षा वादकांच्या बाजूची कारणं पटतात. स्काटलाइट्स मोडल्यावर फुंकवाद्यांची मोठी फळी उभी करणं अवघड आणि खर्चिक झालं. गायक त्रिकुटं पुढे आली. इलेक्ट्रिक बास रुळला आणि एकेका मात्रेवर पाऊल टाकायचं सोडून तो थांबत, श्वास घेत, स्वतःची धून वाजवायला लागला. त्या मोकळ्या जागा ऐकू यायला लय उतरावीच लागते.

मॅकूक तेव्हा ड्यूक रीडच्या ट्रेझर आइल स्टुडिओचा वादकप्रमुख होता. बाँड स्ट्रीटवर रीडचं दारूचं दुकान, आणि वरच्या माडीवर लाकडी स्टुडिओ. तिथला संच म्हणजे सुपरसॉनिक्स. ब्लाँडी या अमेरिकन बँडमुळे 1980 मध्ये जगभर गेलेलं 'द टाइड इज हाय' हे मूळचं जमैकाचं गाणं. पॅरागॉन्स या गायकांनी ते 1967 मध्ये रीडसाठी गायलं होतं आणि साथ होती मॅकूकच्या मंडळींची.

या काळात सॅक्सोफोनचं काम पालटलं. स्कात तो पुढे उभा राहून बोलत होता. आता गायक पुढे, आणि टेनर त्याच्या दोन ओळींच्या मध्ये पडलेली फट भरतो, जसा आपल्याकडे कसलेला पेटीवाला गायकाने श्वास घेतला की तेवढ्यात सूर पुरवतो आणि पुन्हा मागे सरतो. हे पुढे राहण्यापेक्षा अवघड असतं. बँडप्रमुख असून मॅकूक मागे सरायला तयार होता, याबद्दल मला त्याचा फार आदर वाटतो.

'मग तो रोजंदारीवरचा वादक, कलावंत कसा?'

हा आक्षेप येतोच. पैसे घेऊन सांगितलं ते वाजवलं, यात स्वतःचं काय?

याचं उत्तर त्या तीन मिनिटांत शोधायला हवं. अब्दुल करीम खाँसाहेबांनी तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत राग उभा केला तेव्हा कोणी त्यांना कलावंत नव्हते असं म्हटलं नाही, उलट त्या तबकड्या आजही जपल्या जातात. मॅकूकला नाचाच्या गाण्यात मोजकी आवर्तनं मिळायची. तेवढ्यात कोल्ट्रेनकडून घेतलेला विचार मांडायचा, पण समोर नाचणाऱ्याचं पाऊल चुकू द्यायचं नाही. शिवाय तो स्टुडिओबाहेरही वाजवत होता. किंग्स्टनच्या पूर्वेला वॅरिका टेकडीवर काउंट ऑसी या ढोलवादकाच्या वस्तीत रास्ताफारी या जमैकन पंथाचे ढोल वाजत आणि त्यांच्याबरोबर हे जाझवाले तासन्‌तास सुटत. तिथे ना निर्माता होता ना तीन मिनिटांची अट.

अन्याय झाला तो वेगळ्या जागी. वादकाला वाजवल्याची ठरावीक बिदागी मिळायची आणि तबकडीचे हक्क निर्मात्याकडे राहायचे. तबकडी पुढे लंडनमध्ये खपो, कोणी तिचा तुकडा उचलून नवं गाणं करो, वाजवणाऱ्याच्या घरी त्यातलं फारसं काही पोचत नसे. मॅकूक इतक्या स्टुडिओंत का दिसतो याचं एक उत्तर हेही आहे. एका ठिकाणच्या कामावर घर चालत नव्हतं.

'पण स्का तर इंग्लंडचा ना?'

काळ्या-पांढऱ्या चौकटींचे टाय, टोप्या घातलेली ब्रिटिश पोरं अनेकांनी पाहिलेली असतात, म्हणून हा समज. ती लाट 1979 ची, जेरी डॅमर्सच्या टू टोन या कॉव्हेंट्रीतल्या कंपनीभोवती उठलेली. जमैकातून इंग्लंडला गेलेल्या लोकांनी तबकड्या बरोबर नेल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी वाढलेल्या गोऱ्या-काळ्या मुलांनी त्या उचलल्या.

पण तिथेही दुवा सॅक्सोफोनचाच निघतो. बर्मिंगहॅमच्या द बीट या बँडमध्ये विशीतल्या पोरांच्या मधोमध पन्नाशीकडे झुकलेला एक जमैकन उभा असे. लायनल मार्टिन, सगळे त्याला सॅक्सा म्हणत. प्रिन्स बस्टर, लॉरेल एटकन, डेस्मंड डेकर या स्काच्या गायकांबरोबर वाजवून आलेला. पोरं पंकच्या वेगाने सुटायची आणि सॅक्सा वर शांतपणे, भरल्या गळ्याने वाजवायचा. त्यामुळे इंग्रजांनी स्का चोरला का, हा प्रश्न द बीटपुरता मला लागू वाटत नाही. मूळ माणूस स्वतः तिथे उभा होता.

रेगे, डब आणि परतीचा फेरा

सत्तरच्या दशकात मॅकूक फुंकवाद्यांची ओळ बांधून देणारा जाणता झाला. ट्रम्पेटवर बॉबी एलिस, ट्रॉम्बोनवर विन गॉर्डन, आणि हा. रेगेच्या कितीतरी तबकड्यांवर गाण्याच्या तोंडाशी जी पितळी ललकारी ऐकू येते ती या तिघांची.

डब म्हणजे तयार गाणं मिक्सिंगच्या टेबलावर उसवून पुन्हा जोडणं. किंग टबी हा ध्वनितंत्रज्ञ हे करताना गायकाचा आवाज बंद करायचा, बास उघडा ठेवायचा, एखादा सूर प्रतिध्वनीत सोडून द्यायचा. इथे वादकाच्या हातात काहीच उरत नाही. त्याने भरून वाजवलेल्या ओळीचा दुसराच माणूस एखादा तुकडा ठेवतो.

1985 मध्ये कॅसिओच्या छोट्या कीबोर्डवरच्या तयार ठेक्याने एक गाणं तुफान गाजलं आणि स्टुडिओंना वादकांची गरजच कमी झाली. पण त्याच्या दोन वर्षं आधी, 1983 मध्ये, माँटेगो बेच्या सनस्प्लॅश महोत्सवात स्काटलाइट्स पुन्हा एकत्र आले होते. चौदा महिन्यांत मोडलेला बँड पुढे अमेरिकेत जाऊन जगभर फिरला, नव्वदच्या दशकात ग्रॅमीच्या नामांकनात पोचला. प्रकृतीने साथ सोडेपर्यंत मॅकूक त्याचा प्रमुख होता. 5 मे 1998 रोजी अटलांटात तो वारला, एकाहत्तराव्या वर्षी. त्याच नोव्हेंबरमध्ये अल्फॉन्सो हॉलीवूडमध्ये रंगमंचावर वाजवता वाजवता कोसळला आणि काही दिवसांनी गेला.

ऐकायचं असेल तर असं ऐका

तीन तुकडे घ्या, ओळीने. 1963 चं 'एक्झोडस', ट्रेझर आइलचं कुठलंही 1967 चं गाणं, आणि सत्तरच्या दशकातला टबीच्या हातचा अ‍ॅग्रोव्हेटर्सचा एखादा डब. बाकी सगळं सोडून टेनरच्या मागे जा. पहिल्यात तो शेवटपर्यंत तुमच्या समोर आहे. दुसऱ्यात त्याला गायकाच्या मागून हुडकावं लागतं. तिसऱ्यात तो दोन आवर्तनांपुरता येतो, शेवटचा सूर प्रतिध्वनीत लांबत जातो, आणि खाली बास नि ड्रम तसेच चालू राहतात. तिन्ही ठिकाणी सूर लावायची ढब एकाच माणसाची आहे. ठेक्याच्या किंचित मागून येणं, घाई न करणं, टोकाला हलकी थरथर.

भाचीला हेच तीन तुकडे पाठवलेत. ती सध्या पहिल्याचीच ओळ टेनरवर बसवते आहे. ओळ आली म्हणते, पाय आणि टाळी मात्र अजून एकदम पडतात.